आधी बरगडी, मग गूळ

डुकराच्या बरगड्या घरी करून पाहणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. वरचा गोड मसाला करपून कडू झाला आणि आतलं मांस काही दातांना दाद देईना. पुढच्या खेपेला आच कमी केली, तर मांस मऊ झालं, पण चकाकी गेली. ताटात आल्या त्या फिक्या, ओलसर बरगड्या. याहून चमत्कारिक गोष्ट तर रोज मटण शिजवणाऱ्यालाही ठाऊक असते. अर्ध्या तासाने चमचा टोचून बघावा तर तुकडा जेमतेम शिजलेला, आणखी थोड्या वेळाने बघावा तर आधीपेक्षा चिवट, आणि आता हे शिजत नाही म्हणून नाद सोडावा तोच तो हाडापासून सुटून येतो. अंडं जितकं उकडाल तितकं घट्ट होत जातं, बटाटा जितका उकडाल तितका मऊ. मांस मात्र आधी घट्ट होतं आणि मग मऊ.

या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. मऊपणाला पाणी, वेळ आणि मध्यम उष्णता लागते. चकाकीला कोरडी, प्रखर उष्णता लागते, आणि तीही थोडाच वेळ. एकाच भांड्यात, एकाच आचेवर दोन्ही मागितलं की दोन्ही हातचं जातं. म्हणून कामाचे दोन टप्पे करायचे आणि गुळाला पहिल्या टप्प्यात पाऊल ठेवू द्यायचं नाही.

सुरतच्या दक्षिण अंगाला, उधना-पांडेसऱ्याला लागून असलेल्या बमरोलीचा विचार करू. उधना-जळगाव रेल्वेमार्गाने खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांचा हा पट्टा. डुकराचं मांस इथल्या रोजच्या जेवणातलं नाही आणि पुष्कळ घरांत ते चालतही नाही. ज्यांना चालतं त्यांच्याकडे दोन बर्नरची शेगडी, एक कुकर आणि एक लोखंडी तवा एवढाच सरंजाम असतो. अमेरिकी पद्धतीच्या बरगड्यांचं वर्णन वाचलं, की पाच-सहा तास मंद धुरात ठेवायची भट्टी हवी, असं वाटून माणूस वाचूनच थांबतो. माझं म्हणणं असं की या स्वयंपाकघरात काहीही कमी नाही. कुकर आणि तवा हीच ती दोन टप्प्यांची जोडी आहे.

सूत आणि खळ

स्नायू म्हणजे बारीक तंतूंच्या जुड्या. या जुड्यांभोवती आणि जुड्या-जुड्यांमध्ये कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचं वेष्टन असतं. तंतू वेगळे आणि त्यांना बांधून ठेवणारं कोलॅजेन वेगळं, हा फरक लक्षात आला की अर्धं कोडं सुटतं. लूमवर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावतात, तसं हे समजा. विणून झाल्यावर कापड नरम करायचं तर सूत तोडायचं नसतं. गरम पाण्यात पुरेसा वेळ देऊन खळ काढायची असते.

मांस तापायला लागलं की ५० अंश सेल्सिअसच्या आसपास तंतूंमधली प्रथिनं आकसायला लागतात आणि त्यांनी धरून ठेवलेलं पाणी सुटू लागतं. ६० ते ६५ अंशांच्या दरम्यान कोलॅजेनचं वेष्टनही आखडतं आणि आतल्या तंतूंना पिळून काढतं. ७० अंशांच्या पुढेमागे तंतू आणखी आवळले जातात. तुकडा ‘आधीपेक्षा चिवट’ लागतो तो या मुक्कामावर. याच सुमाराला दुसरी क्रिया सुरू होते. कोलॅजेनचा रेणू तीन साखळ्यांच्या पिळाचा असतो. पाण्याच्या सान्निध्यात, ७० अंशांच्या वर, हा पीळ हळूहळू उलगडतो आणि त्याचं जिलेटिन होतं. जिलेटिन मऊ, बुळबुळीत आणि पाणी धरून ठेवणारं असतं. तंतू अजून कोरडेच असतात, पण त्यांना बांधणारं काही उरलेलं नसतं आणि मधल्या जागा जिलेटिनने व वितळलेल्या चरबीने भरलेल्या असतात. जिभेला हेच ‘रसाळ’ लागतं.

पहिली क्रिया झटपट होते, कारण ती तापमानावर चालते. दुसरीला तापमान आणि वेळ, दोन्ही हवं. त्यामुळे दोहोंच्या मध्ये चिवटपणाचा एक टापू येतोच, आणि तिथे घाबरून आच बंद करणारा माणूस नेमका सर्वांत वाईट क्षणी थांबतो. बरगडीच्या बाबतीत हा टापू लांबलचक असतो. पाठीचं मांस तुलनेने आळशी, त्यात कोलॅजेन कमी. त्याचे पातळ काप तव्यावर काही मिनिटांत होतात. बरगड्यांमधले स्नायू प्रत्येक श्वासाबरोबर हलतात, म्हणून त्यांत बांधणी जास्त. जनावराच्या वयानेही फरक पडतो. वय वाढतं तसं कोलॅजेनच्या साखळ्यांमध्ये आडवे सांधे तयार होतात आणि ते उलगडायला वेळ लागतो. खाटकाकडून एकाच दिवशी आणलेल्या दोन लाद्या वेगवेगळ्या वेळी शिजतात त्याला हेही एक कारण आहे.

बरगड्यांच्या आतल्या, पोटाकडच्या बाजूला एक पातळ, चकचकीत पापुद्रा असतो. तासभर शिजूनही तो चिवट राहतो आणि मिठा-मसाल्याला आत जाऊ देत नाही. सुरीच्या टोकाने एका कडेला उचलायचा, कोरड्या फडक्यात पकडायचा आणि ओढायचा. बहुतेकदा एका दमात निघतो. खाटीक काढून देत असेल तर उत्तमच.

शिटी हे घड्याळ नव्हे

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळतं आणि कितीही आच वाढवली तरी त्याच्यावर जात नाही. जास्तीची उष्णता वाफ होण्यात खर्च होते. कुकरमध्ये दाब वातावरणाच्या साधारण दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो, असा एक अदमास आहे. तो इथे लावला तर वीस अंशांत वेग चौपट होतो. पातेल्यात दीड-दोन तास लागणारं काम कुकर वीस-पंचवीस मिनिटांत करतो ते यामुळेच.

मात्र ही वीस-पंचवीस मिनिटं शिट्यांत मोजता येत नाहीत. शिटी होते ती दाब ठराविक मर्यादेच्या वर गेला म्हणून, आणि दाब किती वेळात तिथे जाईल हे आच, पाणी आणि कुकरचा आकार यांवर ठरतं. मोठ्या आचेवरच्या सहा शिट्या आणि मंद आचेवरच्या सहा शिट्या यांत दुपटीचा फरक पडू शकतो. पहिली शिटी होऊ द्यावी, आच बारीक करावी आणि तिथून घड्याळ लावावं. आच बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्यावा. शिटी चमच्याने उचलून वाफ सोडली की दाब एकदम पडतो, मांसाच्या आतलं १०० अंशांच्या वरचं पाणी जागच्या जागी उकळून बाहेर पडतं आणि वाचवलेला ओलावा तिथेच गमावला जातो.

कुकरवर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. भट्टीवाले म्हणतात, बरगड्या पाण्यात उकडणं म्हणजे त्यांची चव धुऊन टाकणं. भरपूर पाण्यात उकडून ते पाणी मोरीत ओतलं तर हे शंभर टक्के खरं आहे. मांसातलं मीठ, रस आणि सुटलेलं जिलेटिन त्यात गेलेलं असतं. किलोभर बरगड्यांना कपभर पाणी पुरतं, कारण मांस स्वतः पाणी सोडतं. आणि खाली उरलेला रस टाकायचा नाही. पुढच्या टप्प्याचा तो मुख्य घटक आहे. धुराचा वास मात्र कुकर देऊ शकत नाही, एवढं मान्य करायला हवं. पेटता कोळसा वाटीत ठेवून, वर तूप सोडून, झाकण लावून धुंगार देता येतो. त्याने आठवण येते, तोड होत नाही. अमेरिकी पाककृती पाण्याऐवजी बिअर घालायला सांगतात. गुजरातेत दारूबंदी असल्याने तो प्रश्न निकालात निघतो, आणि मऊपणाच्या दृष्टीने काहीही बिघडत नाही.

सिरका, पपई आणि मीठ

मांस मऊ करायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला हात कच्च्या पपईकडे जातो. पपईतलं पपेन हे प्रथिनं तोडणारं द्रव्य आहे आणि ते खरोखर काम करतं, पण ज्या थराला लागतं त्याच थरात. ते कोलॅजेनबरोबर तंतूही तोडतं, म्हणजे खळीबरोबर सूतही जातं. परिणामी वरचा थर पिठूळ आणि आतलं मांस जसंच्या तसं. कबाबाच्या पातळ तुकड्याला ती चालते. हाडावरच्या जाड मांसाला तिचा उपयोग नाही, आणि कुकर असताना गरजही नाही.

सिरक्याची गोष्ट वेगळी. गोव्यात विंदालू आणि सोरपोतेल, वसईच्या ख्रिस्ती घरांत इंद्याल, या पदार्थांत डुकराचं मांस सिरक्यात मुरवून शिजवतात. गोव्यात तो माडाच्या सुरेचा असतो. टिकाऊपणा हे त्यामागचं एक उघड कारण. दुसरं असं की आंबटपणामुळे मांसाची पाणी धरून ठेवण्याची ताकद वाढते, कोलॅजेन फुगतं आणि लवकर विरघळतं. लहान तुकडे असतील तर हा परिणाम आतपर्यंत पोचतो. आख्ख्या बरगडीत तो वरवरच राहतो. तरी दोन चमचे सिरका कुकरमध्ये असावा. सुरतकरांना तो दुरून आणावा लागत नाही. शेजारच्या नवसारीत कोलाह या पारशी घराण्याचा १८८५ पासूनचा उसाच्या सिरक्याचा धंदा आहे. मांसात गोड कसं चालेल, ही शंकाही याच मुलखात फार टिकत नाही. सिरका आणि गूळ घातलेला पारशी पात्यो आणि जर्दाळू घातलेली बोटी इथली जुनीच आहे.

खरा फायदा मिठाचा. वजनाच्या एक टक्का, म्हणजे किलोला दहा ग्रॅम मीठ आदल्या रात्री चोळून बरगड्या फ्रिजमध्ये ठेवल्या, तर मीठ तंतूंमध्ये शिरतं, काही प्रथिनं विरघळवतं, आणि शिजताना ती कमी आकसतात. हळद, मिरची, आलं-लसूण यांचे कण एवढे आत जात नाहीत. ‘मसाला रात्रभर आत मुरला’ असं आपण म्हणतो तेव्हा आत मुरलेलं असतं ते मुख्यतः मीठ.

डुकराच्या मांसाबद्दल जंताची भीती असते, तिचंही एकदा नीट बघू. अर्धंकच्चं, दूषित मांस खाल्लं तर पट्टकृमी आतड्यात वाढू शकतो, हे खरं आहे. मेंदूत गाठी होण्याचा जो आजार लोकांना माहीत आहे, तो मात्र या कृमीची अंडी पोटात गेल्याने होतो. ती अंडी रोगी माणसाच्या विष्ठेतून पाणी, भाज्या किंवा न धुतलेल्या हातांवाटे पसरतात, म्हणून तो शाकाहारी माणसालाही होतो. मांसातल्या गाठींमधल्या अळ्या ६०-६५ अंशांच्या पुढे मरतात. मऊ बरगडीचं तापमान त्याच्या कितीतरी पुढे, ९० अंशांच्या वर गेलेलं असतं. मांस तपासणी झालेल्या दुकानातून घ्यावं, कच्चं मांस चिरलेली पाटी धुवावी. शिजवण्याच्या बाबतीत या पदार्थात कचरट राहण्याचा प्रश्न येत नाही.

> चौकट: आचेचे मुक्काम (अंश सेल्सिअस, अंदाजे)
> ५० ते ७०: तंतू आकसतात, पाणी सुटतं, मांस घट्ट होतं.
> ७० च्या वर: कोलॅजेनचं जिलेटिन होऊ लागतं, तापमान वाढेल तसा वेग वाढतो.
> १२०: कुकरमधलं पाणी.
> १०५ च्या पुढे: पाक एकतारीकडे झुकतो.
> १४० च्या वर: मांस आणि मसाला झपाट्याने खरपूस होतात.
> १६० ते १७०: साखर तांबूस होऊ लागते, यापुढे कडवटपणा दूर नसतो.

चिकटपणा दोन ठिकाणांहून येतो

पायाचा रस्सा प्यायल्यावर ओठ एकमेकांना चिकटतात. त्यात साखरेचा कणही नसतो, ते जिलेटिन. बरगड्या शिजल्यावर कुकरच्या तळाशी उरलेला रस गाळून फ्रिजमध्ये ठेवला तर सकाळी वर चरबीचा पांढरा थर येतो आणि खाली थरथरणारी वडी तयार होते, तीही जिलेटिनची. बहुतेक पाककृती चकाकीसाठी साखर, मध आणि बाटलीतला सॉस एकत्र करायला सांगतात आणि हा रस विसरतात. मग चिकटपणासाठी गोडाचं प्रमाण वाढवत न्यावं लागतं, आणि पदार्थ मिठाई होऊन बसतो. रस आटवून घेतला तर अर्धा चिकटपणा तो देतो आणि गूळ निम्म्यावर येतो.

दुसरा चिकटपणा पाकाचा, आणि पाकाचं शास्त्र मराठी स्वयंपाकघराला शिकवावं लागत नाही. साखरेच्या द्रावणातलं पाणी उडत जातं तसा त्याचा उत्कलनबिंदू चढतो आणि द्रावण दाट होतं. एकतारी, दोनतारी ही मापं म्हणजे पाण्याचं प्रमाण बोटांनी मोजण्याची पद्धत आहे. साखरेच्या पाकात लिंबू पिळतात तेही याच हिशेबाने. आम्लामुळे साखरेच्या रेणूचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात, ते स्फटिकांच्या जुळणीत अडथळा आणतात आणि पाक साखरत नाही. बरगडीच्या पाकात हे काम सिरका करतो. गुळात हे तुकडे मुळातच काही प्रमाणात असतात, म्हणून गुळाचा पाक चकचकीत आणि लवचिक राहतो. फ्रुक्टोज साखरेपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला तांबूस होतं, त्यामुळे गूळ लवकर करपतोही. जो गुण आहे तोच दोष आहे, आणि म्हणूनच तो शेवटी घालायचा.

किलोभर बरगड्यांच्या रसावरची चरबी काढून टाकावी, त्यात शंभर ग्रॅम चिरलेला गूळ, तीन मोठे चमचे सिरका, ठेचलेलं आलं-लसूण आणि तिखट घालून पसरट भांड्यात आटवावं. बारडोली-गणदेवीच्या उसाच्या पट्ट्यातला गूळ सुरतेत सहज मिळतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण इथे त्याचाच आग्रह धरण्याचं कारण नाही. गडद रंगाचा कुठलाही चांगला गूळ चालतो. पितळी किंवा अॅल्युमिनियमच्या भांड्यात सिरका आटवू नये, स्टीलचं घ्यावं. मीठ घालू नये, कारण रसात ते आधीच आहे आणि पाणी उडतं तसं खारटपण वाढत जातं. चव शेवटी बघावी. खानदेशी घरात काळा मसाला असतोच. तो चमचाभर घालण्यामागे चवीखेरीज एक कारण आहे. कांदा-खोबरं काळपट होईस्तोवर भाजताना खरपूसपणाची जी द्रव्यं तयार होतात, ती ओल्या कुकरमध्ये कधीच तयार होत नाहीत. काळ्या मसाल्यातून ती तयार मिळतात, आणि तव्यावरचं काम तेवढं हलकं होतं.

पाक चमच्याच्या पाठीवर थर धरून राहिला की थांबावं. तो अजून थोडा पातळ वाटायला हवा. साखर आणि जिलेटिन दोन्ही गार होताना दाट होतात. गरम असताना हवा तसा दाट दिसणारा पाक ताटात दातांना चिकटतो.

तव्यावरची दहा मिनिटं

कुकरमधून काढलेल्या बरगड्या ओल्या असतात, आणि पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर चढत नाही. खरपूस होणं जोरात सुरू होतं ते १४० च्या पुढे. म्हणून आधी बरगड्या कोरड्या करायच्या. पंख्याखाली पंधरा मिनिटं ठेवल्या तरी चालतं, फ्रिजमध्ये उघड्या ठेवून गार केल्या तर आणखी चांगलं, कारण जिलेटिन घट्ट होऊन मांस उलटताना तुटत नाही. मग लोखंडी तवा तापवून, थोड्या तेलावर, पाकाशिवाय दोन्ही बाजूंनी रंग येऊ द्यायचा. त्यानंतर आच मध्यमच्या खाली आणून पाकाचा पहिला हात, दोन-तीन मिनिटांनी दुसरा, मग तिसरा.

पातळ हात तीनदा का आणि जाड थर एकदा का नाही? जाड थरातलं पाणी वरून उडत असतं तेव्हा खालची, तव्याला टेकलेली साखर कोरडी होऊन जळायला लागते. पातळ थर सगळा मिळून वाळतो, त्यावर दुसरा बसतो. ओटीजी असेल तर वरच्या कांडीखाली २०० अंशांवर हेच करावं. तिथे समोर उभं राहायला हवं, कारण तांबूस आणि काळा यांत मिनिटभराचंच अंतर असतं. जगभरच्या पद्धती पाहिल्या तरी हाच क्रम दिसतो. कॅन्सस सिटीच्या भट्ट्यांवर टोमॅटो आणि काकवीचा गोड सॉस शेवटच्या अर्ध्या तासात लागतो. चीनमध्ये वूशीच्या बरगड्या आधी मंद शिजतात, मग उरलेला रस आटवून त्यांच्यावर चढवतात. कँटनच्या भाजलेल्या डुकराच्या मांसावर माल्टोजचा हात भाजण्याच्या शेवटी फिरतो. भट्टी, कढई, इंधन सगळं वेगळं, पण गोड उशिरा येतं.

राहिला एक वाद: मांस हाडापासून आपोआप गळून पडावं का? आपल्याकडे तीच उत्तम शिजल्याची खूण मानतात. अमेरिकेतल्या स्पर्धांचे परीक्षक मात्र त्याला जास्त शिजलेलं म्हणतात. घास तोडल्यावर मांस स्वच्छ सुटावं, पण दातांची खूण मागे राहावी, अशी त्यांची अपेक्षा. तव्याच्या बाजूने विचार केला तर मी त्यांच्याकडे झुकतो. गळून पडणारी बरगडी तव्यावर उलटता येत नाही, आणि पाक मांसाऐवजी लोखंडाला लागतो. हाडाची टोकं सेंटीमीटरभर उघडी पडली आणि हाड पिळल्यावर किंचित फिरलं की कुकरचं काम झालं.

बमरोलीत डुकराच्या बरगड्या मिळाल्याच नाहीत, तर बोकडाचे सीना-चाप याच पद्धतीने होतात. त्यांत चरबी कमी आणि बांधणी जास्त, म्हणून कुकरमध्ये दहा मिनिटं वाढवावीत आणि रंग आणताना तव्यावर तेल थोडं सढळ घालावं. पावसाळ्यात कुठल्याही मांसावरचा गुळाचा थर तासा-दोन तासांत हवेतलं पाणी ओढून पाझरू लागतो, चिक्की चिवट होते त्याच कारणाने. त्या दिवसांत शेवटचा हात पाहुणे पाटावर बसल्यावरच फिरवावा.